शनिवारचं क्रियापद

शनिवारी सकाळची शाळा, आणि मंजुश्री मॅडमचा शनिवार क्रियापदाचा. गाव रोहिणखेडच्या पलीकडचं. नाव सांगत नाही, सांगून कोणाचं भलं व्हायचं आहे? मोताळ्याहून रोज स्कूटीवर येणारी ही बाई रुजू झाली तेव्हा दहावीची पोरं इंग्रजीच्या तासाला हटकून आजारी पडायची. तिनं सगळ्यांची गाइडं गोळा केली, कपाटात कोंबली आणि कुलूप लावलं. "आजपासून दर शनिवारी एक क्रियापद," ती म्हणाली. "त्याचा अर्थ, त्याचं घराणं, त्याचा वापर. आणि प्रत्येकानं त्याचं एक वाक्य लिहून आणायचं. वाक्य खरं पाहिजे. घरातलं, गल्लीतलं, वावरातलं, आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं. राम आंबा खातो, असलं मला नको. कोणता राम? कुठं खाल्ला आंबा?"

वर्गात राम नावाचं पोरगं होतंच. त्यानं उभं राहून सांगितलं, "मॅडम, मले आंब्यानं गळू होते." तिथून जे सुरू झालं ते वर्षभर चाललं.

चांगली चांगली वाक्यं एका मोठ्या कागदावर उतरवायची आणि तो चार्ट शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर लावायचा, एसटीच्या थांब्याच्या अगदी समोर. गावाला मोठं अप्रूप. थांब्यावरची माणसं तंबाखू मळत त्या अक्षरांकडे बघायची आणि म्हणायची, "पोट्टे काय फाडफाड इंग्रजी लिहून राह्यले बे!" वाचता कोणाला येत होतं? ज्यांना येत होतं ते केव्हाच गाव सोडून गेलेले. पोरांना ही गोष्ट बाईच्या आधी कळली. इंग्रजीत काही लिहिलं तरी घरच्यांना समजत नाही, हे कळल्यावर पोरं गप्प बसतात होय? एकानं लिहिलं, माझी आजी डॉक्टरला दोन कप चहा सांगते आणि पाच पिते. दुसऱ्यानं लिहिलं, माझा भाऊ गुटखा देवघरात लपवतो. मंजुश्री मॅडम तोंडाला पदर लावून हसायची आणि चार्ट लावायची. तिला ह्या गमतीची चटकच लागली होती म्हणा ना.

त्या फेब्रुवारीत तिनं फळ्यावर लिहिलं, ब्रेक.

"आपण किती श्रीमंत आहोत बघा," ती म्हणाली. "काडी मोडते, दोरी तुटते, माठ फुटतो. आपल्याकडे तीन वेगळे शब्द. इंग्रज एकट्या ब्रेकवर सगळं भागवतो. शब्द जुना आहे. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज त्याला ब्रेकन म्हणायचा, जर्मन माणूस अजून ब्रेखेन म्हणतो, सख्खे चुलत भाऊ. आता ब्रेकफास्ट म्हणजे काय? फास्ट म्हणजे उपास. रात्रभरचा उपास मोडायचा, तो ब्रेकफास्ट. आणि आपल्याकडे तांबडं फुटतं ना पहाटे? तिकडेही दिवस ब्रेकच होतो. शब्द देऊन फिरवला तरी ब्रेक, कायदा मोडला तरी ब्रेक, बातमी पहिल्यांदा बाहेर आली तरी ब्रेक." खडू ठेवून तिनं हात झटकले. "चला, लिहा. खरं पाहिजे."

तिसऱ्या बाकावर निशिगंधा बसायची. रंगरावची पोरगी. रंगराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ, मिरचीचा व्यापारी, शाळेच्या समितीत त्याचा शब्द चालायचा. पोरगी अबोल, पण अक्षर मोत्यासारखं. तिनं वही आणून टेबलावर ठेवली. त्यात एकच ओळ होती.

माय फादर ब्रोक माय मदर्स हँड विथ वरवंटा आफ्टर संक्रांत.

निशिगंधाची आई अन्नपूर्णाबाई महिन्याभरापासून उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन फिरत होती, हे साऱ्या गावानं पाहिलं होतं. विहिरीवर पाय घसरला असं गाव म्हणत होतं. मंजुश्रीनं पोरीकडे पाहिलं. "खरं आहे?"

"हो, मॅडम."

"लावू का चार्टवर?"

निशिगंधानं खांदे उडवले. "लावा नं. कोनाले वाचता येते?"

आता ह्या ठिकाणी मला बाईचा राग येतो, खरं सांगतो. एवढं वाचल्यावर शहाण्या माणसानं काय करावं? पोरीला बाजूला घ्यावं, चार गोष्टी विचाराव्या, कोणाच्या तरी कानावर घालावं. ह्या बाईनं काय केलं? लाल पेन काढलं. हँड खोडून आर्म लिहिलं, वरवंट्याच्या आधी लागणारा छोटा 'अ' घातला, आणि शाबास म्हणाली. तिला वाटलं आपण फार मोठं धाडस केलं. मनगटाच्या वर हाड मोडलं तर आर्म म्हणतात, हे पोरीला समजावून सांगताना तिचा आवाज भरून आला होता. पण त्यापलीकडे तिनं काही म्हणता काही केलं नाही. साडेअकराला शाळा सुटली तेव्हा चार्ट भिंतीवर होता.

थांब्यावर चाळीसेक माणसं होती. त्यात रंगराव होता, ओट्यावर मांडी घालून बसलेला. आणि त्याच्याजवळ त्याचा पोरगा हरिओम, पुण्याला कंपनीत असणारा, चार दिवसांच्या सुट्टीवर आलेला. हरिओम वाईट पोरगा नव्हता, नवा फोन घेतला होता एवढंच. त्या फोनचं कौतुक चाललं होतं. कोणत्याही भाषेतल्या लिखाणावर फोन धरायचा, की आतली बाई मराठीत वाचून दाखवते. एकानं औषधाची बाटली पुढं केली. फोनवाली बाई म्हणाली, "लहान मुलांपासून दूर ठेवा." सगळे खूश. एकानं बियाण्याची पुडी दिली. मग कोणी तरी म्हणालं, "अरे, तो चार्ट लाव नं बे. आपले पोट्टे काय लिहितेत ते तरी पाहू."

मंजुश्री तेव्हा गेटाशी स्कूटीला किल्ली लावत होती. तिनं हे ऐकलं. धावत जाऊन चार्ट फाडावा, हे तिच्या मनात आलं. पण ती हललीच नाही.

"माझ्या बहिणीने भाकरी मोडून कुत्र्याला दिली," फोन बोलला. हशा. "आजोबांनी आजीचा शब्द कधी मोडला नाही कारण आजी मारते." अजून मोठा हशा, आजोबा स्वतः तिथंच उभे होते, तेही हसले. "माझ्या मामाने सोसायटीचे कुलूप तोडले." "कोनाचा मामा बे? कोनाचा मामा?" असा गलका झाला. आणि त्या गलक्यात, गोड, शहरी, स्पष्ट आवाजात फोन म्हणाला:

"माझ्या वडिलांनी संक्रांतीनंतर वरवंट्याने माझ्या आईचा हात तोडला."

मोडणं आणि तोडणं ह्यातला फरक त्या फोनवालीला कुठला कळायला! पण थांब्यावरच्या माणसांना बरोबर कळलं. गावात संक्रांतीनंतर प्लास्टर एकाच बाईच्या हाताला होतं. हसणारी तोंडं तशीच उघडी राहिली. हरिओमनं फोन छातीशी धरला, जणू आवाज आत परत जाणार होता.

रंगराव उठला. सावकाश उठला, धोतर झटकलं, पायात वहाणा घातल्या. रस्ता ओलांडून भिंतीपाशी आला, चार्टाचं एक टोक धरलं आणि खाली ओढलं. कागदाचे चार तुकडे केले. मग गेटाकडे पाहिलं. मंजुश्री उभी होती, आणि तिच्या मागं, दप्तर पाठीला लावून, निशिगंधा.

"मास्तरीनबाई," तो म्हणाला, आवाज अगदी मवाळ, "हे तुम्ही शिकवता का?"

उत्तमराव सर, मुख्याध्यापक, व्हरांड्यातून धावत आले आणि मधेच थांबले. माणसं आता रस्त्याच्या ह्या बाजूला आली होती. मंजुश्रीला एकेक चेहरा दिसत होता. ह्या गावात तिला खोली मिळाली नव्हती. तीन घरांनी आडनाव विचारलं होतं आणि मग खोली भरली म्हणून सांगितलं होतं. तिला नोकरीत कायम करायचा कागद समितीसमोर होता आणि त्यावर रंगरावची सही व्हायची होती. मोताळ्याला तिची माय भिमाबाई त्या कागदासाठी रोज बुद्धवंदना झाल्यावर हात जोडत होती. हे सगळं तिला त्या एका क्षणात आठवलं, असं ती पुढं स्वतःच सांगायची. तेव्हा मात्र तिनं मनाशी एवढंच म्हटलं, की पोरीला वाचवायचं.

"खरं हाय का खोटं?" रंगरावनं विचारलं.

"खोटं हाय," ती म्हणाली. शाळेत कायम पुस्तकी बोलणारी ती, घाबरून घरच्या बोलीवर आली. "खोटं हाय ते. म्याच उदाहरन म्हनून लिहून देल्लं होतं. पोरीचं नाई ते."

रंगराव हसला. तोंडभरून हसला आणि लोकांकडे वळला. "ऐकलं का? मास्तरीन स्वतःच म्हनते, खोटं हाय." माणसांनीही श्वास सोडला, दोघंचौघं हसलेसुद्धा. रंगरावनं पोरीच्या मानेवर हात ठेवला, बाप ठेवतो तसाच, आणि म्हणाला, "चाल माय, घरी जाऊ." निशिगंधा चालू लागली. जाताना तिनं मागं वळून मंजुश्रीकडे पाहिलं. त्या पोरीला रडू आलेलं नव्हतं. ती नुसती बघत होती, जशी फळ्याकडे बघायची.

"बरं निभावलं, मॅडम," उत्तमराव सर घाम पुसत म्हणाले. "आता तो विषय वाढवू नका."

मंजुश्री पाणी प्यायली. स्कूटी काढली. नाल्याच्या पुलापर्यंत गेली आणि तिथं तिच्या लक्षात आलं की रंगरावनं एकदाही आवाज चढवला नव्हता. तिच्या वस्तीतला एक माणूस असाच होता, बायकोला मारायच्या आधी अंघोळ करायचा. तिनं गाडी वळवली. वळवताना गाडी घसरली, गुडघा सोलला, तिला काही कळलं नाही.

रंगरावच्या घराचा दरवाजा आतून बंद होता. गल्ली भरलेली, आणि गल्लीतला प्रत्येक माणूस काही तरी काम करत होता. कोणी दातण करतंय, भर दुपारी! कोणी सायकलची चेन बघतंय. शेजारची वच्छलाबाई उंबऱ्यात तूर पाखडत होती, सुपात तूर नव्हतीच. ओट्यावर हरिओम गुडघ्यात डोकं घालून बसला होता. आतून आवाज येत होते. जाड ओली दोरी जमिनीवर आपटल्यावर येतो तो आवाज, आणि मधून मधून रंगरावचं बोलणं.

"बाई, घरचं हाय त्यायचं," वच्छलाबाई म्हणाली. "तुम्ही कायले पडता?"

"हरिओम, दार उघड," मंजुश्री म्हणाली. त्यानं मान वर केली नाही. तिनं दाराला लाथ घातली. दुसरी घातली. जुन्या सागाचं दार, त्याला काय होतं! "मागून जा," हरिओम गुडघ्यातूनच बोलला. "गोठ्यातून." एवढंच त्याच्यानं झालं.

ती गोठ्यातून शिरली, शेणातून घसरत, म्हशीच्या अंगावरून. आतल्या अंगणात लाल मिरची वाळत पडली होती, भिंतीपर्यंत सगळं लालभडक. कोपऱ्यात उखळाजवळ कुटलेल्या मिरचीचं घमेलं. आणि त्या मिरचीच्या मधोमध निशिगंधा, गणवेशात, ओणवी. तिच्यावर अन्नपूर्णाबाई आडवी पडलेली, प्लास्टरचा हात पोरीच्या डोक्यावर धरून. रंगरावच्या हातात बैलाचं चऱ्हाट होतं, दुहेरी केलेलं, टोकाला गाठ.

"मास्तरीन म्हनते खोटं हाय." चऱ्हाट पडलं. "गावासमोर म्हने खोटं हाय." पुन्हा पडलं. "मंग तू काऊन लिव्हलं? बापावर खोटं लिव्हते? म्हन, खोटं हाय. म्हन!"

निशिगंधानं दातांत स्वतःची वेणी धरली होती. रंगरावनं अन्नपूर्णाबाईच्या कुशीत लाथ घातली, ती बाजूला कलंडली, आणि पोर उघडी पडली त्याच क्षणी चऱ्हाटाची गाठ तिच्या तोंडावर बसली. डाव्या डोळ्यावर. तेव्हा ती ओरडली. माणसाच्या तोंडून असा आवाज निघतो हे मंजुश्रीला माहीत नव्हतं.

"खरं आहे ते!" मंजुश्री किंचाळली. "रंगराव, खरं आहे! मी खोटं बोलले!"

तो वळला. "आता खरं झालं का?" म्हणाला, आणि चऱ्हाट फिरवलं. तिचा ओठ फाटला. तोंडात काही तरी खुळखुळलं, तो तिचा दात होता. ती खाली पडली तसा तो तिच्या हातावर उभा राहिला, उजव्या हातावर, आणि वहाणेच्या टाचेवर सगळा भार देऊन फिरला. बोटं कडकन वाजली. "लिही आता," तो म्हणाला. "लिही बरं इंग्रजीत. आमच्या घरातलं लिहिते? तुह्या जातीच्या बाईले म्या नोकरीवर घेतलं, अन तू आमच्या घरातलं लिहिते?" एकेका शब्दाला एकेक लाथ. तिच्या बरगडीत, पोटात, पुन्हा बरगडीत. तिला श्वास घेता येईना. मिरचीचा खकाणा नाकात गेला होता, प्रत्येक ठसक्याबरोबर रक्त येत होतं.

अन्नपूर्णाबाई सरपटत उखळापर्यंत कधी गेली ते कोणी पाहिलं नाही. ती बाई पंचवीस वर्षं गप्प होती. विहिरीवर पडली, माळ्यावरून पडली, म्हशीनं ढकललं, असं प्रत्येक वेळी स्वतःच्या तोंडानं सांगत आली होती. तिनं डाव्या हातानं घमेल्यातली मिरचीपूड मूठभर घेतली, उभी राहिली आणि नवऱ्याला हाक मारली. नावानं. "रंगराव!" तो दचकून वळला, आणि तिनं ती पूड त्याच्या उघड्या डोळ्यांत फेकली.

तो बैलासारखा हंबरला. एका हातानं डोळे चोळत, दुसऱ्या हातानं चऱ्हाट गरागरा फिरवत तो अंगणभर धावू लागला. पाय मिरचीत रुतत होते, खकाणा उडत होता, सगळे खोकत होते, म्हैस दावं तोडायला बघत होती. चऱ्हाट अन्नपूर्णाबाईच्या गळ्यावर बसलं. ती पडली. तो आवाजाच्या रोखानं तिच्याकडे निघाला, पाय उचलून, कुठं तुडवायचं ते चाचपत.

भिंतीला मुसळ टेकलेलं होतं, खाली लोखंडी कडं असलेलं, मिरची कुटायचं. मंजुश्रीनं ते डाव्या हातानं धरलं, मोडलेल्या हाताच्या कोपराखाली दाबलं आणि त्याच्या नडगीवर घातलं. तिनं आयुष्यात कोणाला मारलं नव्हतं. वर्गात छडीसुद्धा ठेवायची नाही. पहिला घाव नीट बसला नाही. दुसरा बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला आणि रंगराव कोसळला. मग तिनं तिसरा घातला, तो पडलेला असताना. चौथा घातला. तो हात जोडत होता, "बाई, नको, बाई, नको," म्हणत होता, आणि तिला ते ऐकायला बरं वाटत होतं! ते गोड लागत होतं तिला. पाचव्यासाठी तिनं मुसळ उचललं.

"मॅडम," निशिगंधा म्हणाली. पोरगी भिंतीला टेकून बसली होती, अर्धं तोंड हातानं झाकलेलं, बोटांमधून रक्त. "मॅडम, पुरे."

मुसळ तिच्या हातातून गळालं. अन्नपूर्णाबाईनं जाऊन दाराची कडी काढली. बाहेरची माणसं आत आली. आता सगळ्यांना यायला जमलं.

दुपारी तीनच्या सुमारास सगळे बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात होते. रंगरावचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. मंजुश्रीची तीन बोटं आणि दोन बरगड्या. निशिगंधाच्या डोळ्याला पट्टी बांधली होती. डॉक्टरीणबाईंनी खाली बसून, तिच्या उंचीला येऊन सांगितलं होतं, की बेटा, डोळा राहील की नाही हे आज नाही सांगता येत.

बाहेर रंगरावचे भाऊबंद जमले होते. त्यांची गोष्ट तयार होती. मास्तरणीनं पोरीला बापाविरुद्ध भरवलं, ते अंगाशी आलं म्हणून गावासमोर कबूल केलं, आणि मग रागानं घरात घुसून मुसळानं माणसाचा पाय मोडला. खोटं काय होतं त्यात? चाळीस माणसांनी तिच्या तोंडून ऐकलं होतं. ठाण्याचे जमादार निवृत्तीराव कागद घेऊन बाकावर बसले होते. ते आधी अन्नपूर्णाबाईकडे गेले. ती पोरीच्या पायाशी बसली होती.

"तुमचा हात कशानं मोडला होता, बाई?"

अन्नपूर्णाबाईनं भिंतीकडे पाहिलं. बाहेर दिरांचे आवाज येत होते. "मले लिवता-वाचता येत नाही," ती शेवटी म्हणाली. "मास्तरीनबाई सांगतीन तेच माह्यं धरा."

तेवढ्यात उत्तमराव सरांचा फोन आला. "मॅडम, तब्येत जपा. आणि हे बघा, मारहाण झाली तेवढी सांगा. तुम्हाला मारलं, तुम्ही जीव वाचवायला मारलं, तुमच्यावर काही येणार नाही. तो चार्ट कशाला काढता? फाटला तो, विषय संपला. तुम्ही एकदा खोटं म्हणालात, आता खरं म्हणालात तर तुमच्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवायचा कोणी? वकील पहिलं तेच विचारेल. शाळेचं नाव, तुमचा कागद, सगळंच जाईल." बोलणं काही मूर्खपणाचं नव्हतं. तिला हे कळत होतं की सर बरोबर सांगत आहेत.

ती निशिगंधाच्या खाटेपाशी गेली. बरगड्यांमुळे तिला वाकता येत नव्हतं, म्हणून उभीच राहिली. पोरीचा एक डोळा छताकडे होता.

"निशिगंधा," ती म्हणाली. ओठ शिवलेले, शब्द धड निघत नव्हते. "मी तिथं खोटं म्हणाले ते... मला वाटलं, तो तुला मारेल. तुला वाचवायला म्हणाले मी."

निशिगंधानं मान वळवली. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साधेपणानं बोलली, चूक दाखवून द्यावी तशी.

"मले नाई, मॅडम. तुमाले."

मंजुश्री तशीच उभी राहिली. पोरीच्या त्या एका डोळ्याला डोळा देणं तिला जमेना, आणि तिथून हलणंही जमेना. पोरगी खरं बोलली होती. बाईचे डोळे भरून आले, पण आता रडणंसुद्धा स्वतःसाठीच झालं असतं, म्हणून तिनं ते गिळलं.

मग ती भिंत धरत जमादारांच्या बाकापर्यंत गेली.

"बोला," निवृत्तीराव म्हणाले. "त्यानं तुम्हाला कधी मारलं तिथून लिहू का?"

"नाही," मंजुश्री म्हणाली. "आधी लिहा, की पोरीचं वाक्य खरं होतं आणि मला ते माहीत होतं. ते खोटं आहे, असं मी चाळीस माणसांसमोर म्हणाले. माझ्या नोकरीसाठी म्हणाले. तो पोरीला मारताना हेच म्हणत होता, की मास्तरीण म्हणते खोटं आहे."

जमादारांनी पेन थांबवलं. "बाई, हे लिहिलं तर तुमच्यावर येईल सगळं. तो पाय, हा डोळा, सगळं."

"लिहा," ती म्हणाली. "मी वाचून सही करते."